१५५ आर १३ आणि संत्र्याच्या पेट्या

मार्चमध्ये, मृग बहाराची संत्री काटोलहून कळमना मार्केटला आणताना आमच्या व्हॅनचा मागचा टायर फुटला. मागे पेट्यांना टेकून बसलेला माझा साळा जिवाच्या आकांताने ओरडला, "भाऊजी, माल सांभाळा!" भाऊजींना कोण सांभाळणार होतं, ते विचारायचं राहूनच गेलं.

बाकीचे तीनही टायर टकले झालेले. म्हणून चारही बदलायला वाडीतल्या एका दुकानात गेलो.

"साइज?" दुकानदाराने विचारलं.

मी दोन्ही हात पसरून दाखवली.

त्याने माझ्याकडे न पाहताच व्हॅनकडे बोट केलं. मग भर दुपारी अमरावती रोडच्या धुळीत उकिडवा बसून मी टायर वाचायला घेतला. १५५ आर १३ एलटी, ८ पीआर, ९०/८८. शिलालेख बरा, निदान त्याच्याशेजारी पुरातत्त्व खात्याची पाटी तरी असते.

१५५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. १३ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच टायरवर एक माप मीटरचं, एक फुटाचं. आमच्या शिंप्याने असा सदरा शिवला असता तर मी तोच त्याला घालायला लावला असता. मधला 'आर' म्हणजे रेडियस, असं मी साळ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तो रेडियल निघाला, म्हणजे टायरच्या आतल्या दोऱ्यांची ठेवण. एलटी म्हणजे लाइट ट्रक, हलक्या मालवाहू गाडीचा टायर. आणि ९० म्हणजे ९० किलो, असं धरल्यावर तर मला दरदरून घाम फुटला, कारण साळाच ९४ चा आहे.

"तुमच्याचसाठी आहे साहेब हे," म्हणत दुकानदाराने दुसरा टायर गडगडत आणला. १५५/८० आर १३, ७९ टी. ८० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ८० टक्के, टी हा वेगाचा दर्जा. गोलाई जवळपास तीच, रिम तोच, भाव कमी आणि वर "एकदम सॉफ्ट चालते." मी खिशात हात घातलाच होता.

"काऊन भाऊ, यात बायको-पोरं फिरवता का माल नेता?" बाजूला पंक्चर काढत बसलेल्या काकांनी विचारलं.

"संत्री."

"मंग हा कारचा कायले घेऊन राहिले? ७९ हे काही किलो नाही, नंबर आहे. ७९ चा टायर ४३७ किलो झेलते. तुमचा ९० वाला ६००."

एका टायरमागे १६३ किलोंचा फरक. चार टायरचे झाले ६५२, म्हणजे वीस किलोच्या बत्तीस पेट्या! हा हिशेब मी तिथेच जमिनीवर काडीने केला. दुकानदार हिशेब संपायच्या आधीच चहा सांगायला निघून गेला.

"आणि हे ८८ कशाचं?"

"जोडचाकाचं. एका बाजूले दोन टायर लावले त् एकेकावर ५६०च टाकायचं."

"दोघं मिळून उचलणार, मग एकेकाचं कमी कसं?"

"तुमच्या घरी किती भाऊ आहेत?"

"तीन."

"मंग मले काय विचारता? वजन कधी सारखं वाटलं जाते का?"

यावर मला बोलायला जागाच नव्हती. आठ पीआर म्हणजे टायरात आठ थर, हा माझा शेवटचा बाणही काकांनी परतवला. पूर्वी थर मोजत, आता तो नुसता ताकदीचा दर्जा. टायर कापून पाहिला तर आठ सापडायचे नाहीत. शिवाय हे ६०० किलोसुद्धा हवा पुरेशी असेल तरच. हवा कमी की टायर दबतो, कडा वाकतात, तापतो, त्यात आपलं ऊन. किती हवा भरायची ते दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आमच्या स्टिकरवर साळ्याने कधीचा लिंबू-मिरचीचा फोटो चिकटवला होता.

शेवटी मूळ मापाचेच चार घेतले. पैसे देण्याआधी काकांनी प्रत्येक टायरवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचायला लावले. एकावर ३२१९ होतं. २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. 'नवाकोरा' म्हणून दिलेला हा टायर गोदामात कितीतरी उन्हाळे काढून आला होता. तो परत केला. दुकानदाराचा चहा थंड झाला.

टायर चढले, हवा भरली. साळ्याने नव्या टायरवर लाथ मारून पाहिली आणि समाधानाने म्हणाला, "म्हणजे भाऊजी, आता बत्तीस पेट्या जास्त टाकता येतील!"

गाडीची वजनाची मर्यादा टायर बदलल्याने वाढत नसते, ती आरसीवर असते तेवढीच राहते, हे मी त्याला वाडीपासून काटोल नाक्यापर्यंत समजावत होतो. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बरं, पंधरा?"