आधी पट्ट्याचं मूळ बघा, मग किंमत

नमस्कार मालक,

(सोलापुरात अनोळखी माणसालाही मालक म्हणायची रीत आहे, आणि आपण जुळे सोलापूरचे हे तुम्हीच लिहिलंय. तेव्हा चालवून घ्याल.)

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे. नंतर वाचायला येणाऱ्यांसाठी ती थोडक्यात मांडतो. रोजच्या जाण्यायेण्यासाठी टिकाऊ मेसेंजर बॅग (एका खांद्यावरून आडवी घ्यायची, झाकणाची बॅग) कशी निवडावी, असा माझा लेख होता. त्यावर तुमचं म्हणणं : एक, साडेतीन-चार हजारांच्या बॅगा सुचवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. नवी पेठेत सातशेला बॅग मिळते, दीड वर्ष जाते, मग दुसरी घ्यायची, तेवढ्या पैशात पाच होतात. दोन, डेनियर-बिनियर (धाग्याच्या जाडीचं माप) ही कॅटलॉगची भाषा, दुकानात उभा राहिलेला माणूस ते कशानं मोजणार? तीन, टू-व्हीलरवर एका खांद्याची बॅग हा शुद्ध वेडेपणा, सरळ सॅक घ्यावी. आणि जाता जाता टोमणा, की कापडाच्या गावात राहून परक्या नायलॉनची जाहिरात कशाला?

टोमण्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो झकास आहे.

सोलापूर कापडाचं गाव, मान्य. पण कुठल्या कापडाचं? चादरीचं आणि टॉवेलचं. टेरी टॉवेलच्या अंगावर सुताचे बारीक फासे मुद्दाम उभे ठेवतात, कारण त्याचं कामच पाणी पिणं. चादर जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर निघते, आणि नक्षी उठावी म्हणून तिच्यात काही धागे कापडाच्या वर मोकळे सोडावे लागतात. दोन्ही आपापल्या जागी राजे. बॅगेला मात्र बरोबर उलटं लागतं : घट्ट वीण, पाणी न पिणारा आणि कशात न अडकणारा धागा. चादरीच्या कापडाच्या पिशव्या देखण्या असतात, पुण्याच्या पाहुण्याला द्यायला तर फारच छान. पण रोज स्कूटरच्या हुकाला आणि एसटीच्या सीटच्या पत्र्याला घासल्या, की तो मोकळा धागा अडकतो आणि नक्षीला ओढ बसते. सुतीच हवं असेल तर जाड कॅनव्हास घ्या, त्याला माझी ना नाही. फक्त तो भिजला की फुगतो, वाळायला वेळ खातो, आणि रिकामी बॅगच इतकी जड होते की नाकापेक्षा मोती जड.

आता डेनियर. खरं तर हे पुणेकरापेक्षा सोलापूरकराला लवकर कळायला हवं. इथे यंत्रमागाशी संबंध आलेल्या कुणालाही काउंट माहीत असतो. एक पौंड सुतात ८४० वाराच्या किती लड्या निघतात, तो त्याचा काउंट. म्हणून आकडा वाढला की सूत बारीक. डेनियर याच्या उलट चालतो : ९,००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, तो आकडा. वाढला की धागा जाड. दोन्हींची सांगड घालायची तर १० काउंटचं सूत साधारण ५३० डेनियर भरतं. दप्तरांना सर्रास वापरतात ते ६०० डेनियरचं पॉलिस्टर त्याहून थोडंच जाड. झाली कॅटलॉगची भाषा.

पण लेबलवरच्या आकड्याला भुलू नका, हे मी लेखातही लिहिलं होतं. १६८० डेनियरचं पॉलिस्टर सैल विणलेलं असेल तर ५०० डेनियरचं घट्ट नायलॉन त्याच्यापुढे जातं. घासटण्याला नायलॉन सरस, उन्हाला पॉलिस्टर सरस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि बॅग पार्किंगमध्ये गाडीला लटकलेली. अशा माणसाला मी पॉलिस्टरच सांगतो. जाहिरात नायलॉनची केली, हा आरोप त्यामुळे मला लागू होत नाही.

दुकानात मोजायचं कशानं, या प्रश्नाला माझं उत्तर : काही मोजू नका, बॅग उलटी करा. आतली बाजू बाहेर काढा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण बॅगांना जितकी लागू पडते तितकी फार कमी वस्तूंना पडत असेल.

आत पहिली नजर टाकायची ती पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे. बॅग आधी जाते ती या जागेवरून, कापडावरून नव्हे. माझी आधीची बॅग (कंपनीचं नाव राहू दे) अशीच गेली. कापडावर ओरखडा नव्हता, चेन लोण्यासारखी चालत होती. पट्टा मात्र बाजूच्या शिवणीत बोटभर खुपसून वरून एकदाच मशीन फिरवलेली. प्रत्येक खड्ड्याला लॅपटॉपचा हिसका त्या एका ओळीवर. गोल असलेली सुईची भोकं हळूहळू लांबट झाली. मग दोन भोकांमधलं कापड विरत गेलं, आणि सात रस्त्याच्या सिग्नलला पट्टा निघून हातात आला. दोरा अखंड होता, फाटलं होतं ते कापड. वाईट मशीनवाला टाके जितके दाट घालतो तितकी भोकं जास्त पडतात आणि कापड तितकं कमजोर होतं, हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं. इंचाला सहा ते आठ टाके पुरे.

बरोबर जोडलेला पट्टा कसा ओळखायचा? तो शिवणीत संपत नाही. बॅगेच्या अंगावर चार बोटं तरी खाली उतरतो, तिथे चौकोनी शिलाई असते आणि चौकोनात फुली. आतून त्याच जागी कापडाचा जास्तीचा तुकडा लावलेला असतो, म्हणजे ओढ एका रेषेवर न येता सगळीकडे वाटली जाते. दोन्ही हातांनी पट्टा आणि बॅग उलट दिशांना जोरात ओढा आणि शिवणीकडे डोळे लावून बघा. भोकं उघडताना दिसली, की बॅग खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात चला.

पट्ट्याला हुक असेल तर आणखी एक भानगड. फिरता हुक बहुतेक वेळा झिंकच्या ओतकामाचा असतो, तो वाकत नाही, थेट तुटतो. कडी आणि हुक एकमेकांना घासून जिथे चकाकायला लागतात तिथे महिन्या-दोन महिन्यांनी बोट फिरवत जा. मला हुक नसलेलाच पट्टा आवडतो, सरळ शिवलेला. सोय कमी, पण काळजीही कमी.

बाकीचं पटकन सांगतो. आतल्या शिवणींच्या कडा पट्टीने मढवलेल्या हव्यात, नुसत्या मोकळ्या सोडलेल्या असतील तर वर्षभरात दोरे लोंबतात. रेक्झिन नकोच, आपल्या उन्हात त्याच्या खपल्या निघतात आणि शर्टाला चिकटतात. पाणी अडवायला कापडाच्या आतून जो लेप देतात तोही उष्णता आणि दमट हवा यांनी कुजतो, चिकट होतो. आपल्याकडे पाऊस कमी, पण सप्टेंबरात धो धो पडून जातो. ती भिजलेली बॅग डिकीत बंद करून दुसऱ्या दिवशी उन्हात गाडी उभी केली, की लेपाचं आयुष्य झपाट्याने उतरतं. बॅग उघडी टाकून सावलीत वाळवा. रंग खाकी किंवा राखाडी, काळ्यावर आपली धूळ फारच उठून दिसते.

आता पैशाचा मुद्दा.

तुमचा पाच बॅगांचा हिशोब मला चूक वाटत नाही, अपुरा वाटतो. बॅगेत डबा, छत्री, दोन फायली असतील तर सातशेचीच घ्या, पट्टा तुटला तर फार तर डब्यातली आमटी सांडेल. पण त्याच पट्ट्याला चाळीस-पन्नास हजारांचा लॅपटॉप लटकत असेल तर दीड वर्षाने बॅग ‘जाते’ म्हणजे नेमकी कुठे आणि कशी जाते, हे हिशोबात धरावं लागतं. ती सांगून जात नाही. चालत्या गाडीवरून जाते.

आणि चार हजार हे माझ्या लेखातलं वरचं टोक होतं, तुम्ही तेवढंच उचललंत. त्याच लेखात मी एक मधला मार्ग लिहिला होता, तो पुन्हा सांगतो, कारण हाच मला सगळ्यात पटलेला मार्ग आहे. सातशे ते हजारातली बरं कापड आणि बरी चेन असलेली बॅग घ्या आणि वापरायच्या आधीच ती सीटकव्हरवाल्याकडे किंवा रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडे न्या. शिंप्याकडे नको. पट्ट्याचे दोन पदर, बॅगेचं कापड आणि आतला तुकडा एवढ्या थरांत त्याच्या मशीनची सुई मोडते. सीटकव्हरवाल्याचं मशीन जड असतं, दोरा जाड नायलॉनचा असतो, आणि ताडपत्री, रेक्झिन, पट्ट्या सगळं त्याच्या हाताखाली पडलेलं असतं. त्याला सांगायचं : पट्टा उसव, आतून ताडपत्रीचा हातभर तुकडा लाव, चौकोन मार, फुली मार. शे-दोनशे मागेल. सातशेची बॅग नऊशेला पडली, पण तिचा कच्चा दुवा गेला. चार हजारांच्या बॅगेतही आपण पैसे मोजतो ते बऱ्याच अंशी याच शिलाईचे.

आपल्या कारागिरांना मी कमी लेखतो, असं तुमच्या प्रतिक्रियेत सूचित केलंय. तर ऐका. स्वित्झर्लंडच्या झ्युरिकमध्ये फ्रायटाग नावाचे दोघे भाऊ १९९३ पासून ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या मेसेंजर बॅगा शिवतात. पट्ट्याला मोटारीचे जुने सीटबेल्ट, कडांना सायकलची ट्यूब. त्या बॅगा आपल्याकडच्या पगारदाराचे डोळे पांढरे होतील अशा किमतीला जातात. यातली कुठलीच वस्तू अक्कलकोट रोडच्या गॅरेजच्या रांगेत मिळणार नाही असं नाही. तेव्हा बॅगच शिवून घ्यायची हौस असेल तर जरूर घ्या. फक्त नमुन्याला एक जुनी बॅग बरोबर न्या, तोंडी वर्णनावर सोडलंत तर ताडपत्रीचं पोतं हातात येईल.

सॅकबद्दल. इथे आपलं भांडण कमी आहे असं मला वाटतं. मेसेंजर बॅग ही सायकलवरून शहरभर कागदपत्रं पोचवणाऱ्यांची वस्तू. टिम्बक्टू हा त्यातला गाजलेला ब्रँड १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केला तोही एका सायकल-मेसेंजरनेच. तिचं सगळं मर्म एकाच गोष्टीत : खांद्यावरून न काढता पुढे सरकवायची, झाकण उचलायचं, कागद काढायचा, परत मागे. दिवसातून पंचवीस वेळा. आपल्याकडे हे कोण करतं? पिग्मी गोळा करणारे, औषध कंपन्यांचे एमआर, विम्याचे एजंट, मीटरचं रीडिंग घेणारे. दर दुकानात सॅक उतरवून चढवत बसले तर त्यांचा दिवस त्यातच जाईल. तुम्ही सकाळी घरून निघून थेट चिंचोळीच्या एमआयडीसीत उतरत असाल आणि मध्ये बॅग उघडतच नसाल, तर तुम्हाला सॅकच योग्य. मी कधीच कुणाला उगाच मेसेंजर घ्या म्हटलेलं नाही.

वजनाचाही हिशोब घाला. पाण्याची लिटरची बाटली म्हणजेच एक किलो, लॅपटॉप आणि चार्जर मिळून दोनच्या आसपास, वर डबा. चार किलोच्या पुढे काटा गेला आणि अर्ध्या तासाची गाडी असेल, तर एका खांद्यावर घेऊ नये असं माझं मत. त्याच्या आत असेल तर पट्टा दोन इंच रुंद घ्या, आखडून बांधा, बॅग कमरेवर न लोंबता पाठीवर वर बसली पाहिजे. दुसरी आडवी पट्टी असते, छातीवरून किंवा काखेखालून येणारी. ती नसेल तर बॅग वळणावर सरकून पोटावर येते. आणि पट्ट्याचं उरलेलं टोक दुमडून खोचा. ते लोंबत चाकात किंवा गाडीच्या चेनमध्ये गेलं, तर मग बॅग कुठली होती हा प्रश्न उरत नाही. एक आणखी : बॅग पुढच्या हुकाला लटकवून खड्ड्यांतून नेऊ नका. तुमच्या खांद्याला थोडी तरी लवचीकता आहे, हुकाला नाही, सगळा हिसका पट्ट्याच्या मुळाशी बसतो.

राहिला तुम्ही अगदी शेवटी, रागाच्या भरात विचारलेला प्रश्न : ‘आत्ताच्या बॅगेची चेन उघडी पडते, तीही फेकून चार हजारांची घेऊ का?’

अजिबात नको. चेन ओढल्यावर मागून पुन्हा उघडत असेल तर दात बहुतेक धड आहेत, रनर सैल झालाय. धुळीने रनर आतून झिजतो आणि त्याचे जबडे फाकतात. पक्कडीने दोन्ही बाजूंनी किंचित दाबलात तर काही दिवस चालेल, जास्त दाबलात तर पिचेल. नवा रनर चहा-भज्यांच्या पैशात बसवून मिळतो. दातच तुटले असतील तर पूर्ण चेन बदलावी लागते, ती मीटरवर मिळते, पण चेन अस्तराच्या आत पुरून शिवलेली असेल तर मजुरी वाढते. नवी चेन टाकायचीच झाली तर मोठ्या कप्प्याला ५ नंबरऐवजी ८ किंवा १० नंबरची (नंबर मोठा तितके दात मोठे) टाकून घ्या. मग महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने दात झाडायचे आणि मेणबत्तीचा तुकडा फिरवायचा, तेल नको, तेलाला धूळ चिकटते.

रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा नंबर कोरलेला असतो. तो बघून जा, आणि जुना रनर खिशात ठेवा. नंबर एकच असला तरी कंपनीगणिक माप थोडं इकडेतिकडे होतं, दुकानदाराला लावून बघायला बरं पडतं.