मोबाईलला दोन वायरी लावल्या की स्कोप होत नाही

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, फुकटात स्कोप होऊन राहिला, पाहा ना." स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, बदलतं व्होल्टेज पडद्यावर वेव्ह म्हणून दाखवणारं यंत्र. मागोमाग तोच फॉरवर्ड आला, जो मी तीन ग्रुपांवर न वाचता पुसला होता. या वेळी वाचावा लागला, कारण पोरगा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि इअरफोनची वायर सोलून बसला होता.

फॉरवर्डचं म्हणणं असं: पोर्टेबल ऑसिलोस्कोपमधली सिग्नल मोठा करणारी अ‍ॅम्प्लिफायर चिप म्हणजे निव्वळ लूट, आता सगळं सॉफ्टवेअर करतं. म्हणूनच ५० मेगाहर्ट्झपर्यंतचे सिग्नल दाखवणारा स्कोप कोड टाकून १०० चा होतो. मोठ्या कंपन्या तर पहिल्यापासून बाजारातल्याच चिपा घेऊन नाव छापत आल्या. तेव्हा १०० केचा (१०० किलोओहमचा) एक रेझिस्टर घ्या, मोबाईलच्या जॅकला वायर लावा आणि घरच्या लाइनची वेव्ह पाहा.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यात माणूस जाऊ शकतो. २३० व्होल्टची लाइन शिखराला ३२५ व्होल्टवर जाते. १०० केवर तिची अर्ध्या वॉटहून जास्त उष्णता होते, आणि पोरांच्या डब्यात असतात पाव वॉटचे रेझिस्टर. तो भाजणार. पण खरी भानगड दुसऱ्या वायरीत आहे. ती सरळ जॅकच्या ग्राउंडला, मध्ये काहीच नाही. दोन पिनांचा प्लग सॉकेटात कसाही जातो. उलटा गेला की फेज थेट मोबाईलच्या ग्राउंडवर, आणि मोबाईल तुमच्या हातात! हे लिहिणाऱ्याने स्वतः करून पाहिलं असतं तर फॉरवर्ड करायला उरला असता का, कोण जाणे. बरं, साधा चांगला स्कोपही लाइनवर असा लावत नाहीत. त्याच्या प्रोबची, म्हणजे मोजायच्या वायरीची, ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते. शिकाऊ असताना मी ती फेजला लावली होती. ठिणगी उडाली, क्लिपचं टोक वितळलं आणि उस्तादाची शिवी पडली ती वेगळी.

आता चिप. व्होल्टेजचा आकडा करणारा एडीसी आठ बिटचा धरा, म्हणजे २५६ पायऱ्या. पूर्ण रेंज १ व्होल्ट असेल तर एक पायरी जवळपास ४ मिलिव्होल्टची. तुमचा रिपल, म्हणजे सप्लायवरची बारीक थरथर, २ मिलिव्होल्टचा असेल तर तो एक पायरीही चढत नाही. जे आकड्यात आलंच नाही, ते सॉफ्टवेअर कुठून मोठं करणार? म्हणून एडीसीच्या आधी अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि तोही कुठलाही चालत नाही. नेहमीच्या ऑप-अ‍ॅम्पचा, म्हणजे साध्या अ‍ॅम्प्लिफायर चिपचा, गेन (सिग्नल कितीपट होतो ते) वाढवला की बँडविड्थ (किती वेगवान सिग्नल झेपतो ते) घसरते. स्कोपमध्ये ते परवडत नाही. वेव्हचं उभं माप बदलणारी व्होल्ट्स-पर-डिव्हिजनची घुंडी फिरवली म्हणून वेव्हची धार बोथट झाली तर भरवसा कशावर ठेवायचा? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एलएमएच६५१८ या अ‍ॅम्प्लिफायर चिपची डेटाशीट फुकट मिळते, ती उघडा. गेन ४० डीबीच्या पल्ल्यात, म्हणजे शंभरपट, २-२ डीबीच्या पायऱ्यांनी बदलतो आणि बँडविड्थ ९०० मेगाहर्ट्झच राहते. चिपची किंमत याचीच आहे. भाच्याला मी तेवढं एकच पान वाचायला लावलं.

कोडची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, मानावं लागतं. रिगॉलचा डीएस१०५२ई हा ५० चा स्कोप लोकांनी खरोखर १०० चा केला. पण का झाला? ५० आणि १०० च्या मॉडेलांत आतलं सर्किट तेच होतं, कंपनीने एकाला कुलूप घातलं होतं. कोडने कुलूप उघडलं. अ‍ॅम्प्लिफायर १०० चा नसता तर कोड टाकूनही काही झालं नसतं. कुलपाबद्दल कंपनीला शिव्या द्या, माझीही ना नाही.

राहिलं "बाजारातल्याच चिपा". आजच्या स्वस्त स्कोपांपुरतं ठीक. पण टेक्ट्रॉनिक्स या स्कोपच्या कंपनीने १९६५ मध्ये ४५३ हा स्कोप काढला, आयबीएमच्या फिरत्या दुरुस्तीवाल्यांना मशीनपाशी उचलून नेता यावा म्हणून, आणि त्याच दशकाच्या अखेरीस स्वतःच आयसी, म्हणजे चिपा, बनवायला घेतल्या. हवा तो वेग बाजारात मिळतच नव्हता. सर्किट डिझायनर बॅरी गिल्बर्ट तिथेच होते. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिल्बर्ट सेल या सर्किटचा त्यांचा निबंध १९६८ चा.

मोबाईलने ऑडिओ पाहता येतो, ते कबूल. बॅटरीवरच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट, तेही व्होल्टेज नीट पाडून, २० किलोहर्ट्झपर्यंत. चार्जरमध्ये असतो तशा एसएमपीएस सप्लायचं ६५ किलोहर्ट्झचं स्विचिंग त्यात दिसणार नाही.

भाच्याने सोललेली वायर गुंडाळून ठेवली. मग विचारतो, "मामा, बर्डीवर जुना स्कोप मिळते का कुठं?" शनिवारी दुकान लवकर बंद करून दोघं बर्डीच्या बाजारात जाणार आहोत.