सीआयएत जायचंय म्हणून क्रिमिनल जस्टिसच घ्यायचं? अजिबात नाही

आमच्याकडे मेरीलँडमध्ये मराठी पालकांत गेले दोन महिने एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय की मुलांना सीआयए, एफबीआयमध्ये जायचं असेल तर कॉलेजला क्रिमिनल जस्टिसच (गुन्हे, पोलिस, कोर्ट यांचा अभ्यास) घ्या, फार तर पोलिटिकल सायन्स, गणित-साहित्याचा तिथे काही उपयोग नाही, डिग्री आयव्ही लीगचीच, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या नामांकित कॉलेजांचीच लागते, आणि ज्यांचे नातेवाईक भारतात आहेत त्यांनी तर नादच सोडावा. मी गप्पच बसणार होते, पण माझ्या मैत्रिणीची लेक, जिचा सगळा जीव गणितात, ती हे वाचून मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषयच बदलायला निघालीये म्हणून लिहितेय.

आधी क्रिमिनल जस्टिसचं बघू. एफबीआयच्या स्पेशल एजंटसाठी अमेरिकन नागरिकत्व, 23 ते 36 वय, चार वर्षांची डिग्री आणि साधारण दोन वर्षं नोकरीचा अनुभव अशा अटी वर्षानुवर्षं चालत आल्यात, डिग्री अमुकच विषयातली हवी असं त्यात नाही. उलट अकाउंटिंग, कायदा, कॉम्प्युटर, परदेशी भाषा येणाऱ्यांना ते आवर्जून बोलावतात. शिकागोचा कुप्रसिद्ध गुंड अल कपोन, त्याला 1931 मध्ये दोषी ठरवलं ते खुनासाठी नाही, इन्कम टॅक्स बुडवल्याबद्दल, आणि तो पुरावा टॅक्स खात्याच्या लोकांनी हिशेबाच्या वह्या चाळून उभा केला होता. क्रिमिनल जस्टिस वाईट आहे असं मी म्हणत नाही, लोकल पोलिस, प्रोबेशन (कोर्टाने देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारं खातं) अशा ठिकाणी ती डिग्री चांगली चालते, पण एजन्सीने नाही घेतलं तर पुढे काय हाही विचार करा ना, अकाउंटिंगवाला सरळ सीपीएच्या, म्हणजे इथल्या सीएच्या मागे लागू शकतो.

गणिताचा उपयोग नाही हे वाचून तर मला खरंच राग आला. एनएसए, म्हणजे परदेशी संदेश पकडून उलगडणारी अमेरिकेची गुप्तचर संस्था, तिचं मुख्यालय इथेच फोर्ट मीडला आहे आणि देशात सगळ्यात जास्त गणितज्ञांना नोकरी देणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात, कारण संकेतलिपी बनवणं आणि फोडणं हे मुळात गणिताचंच काम आहे. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग करणाऱ्यांसाठी त्यांची स्टोक्स स्कॉलरशिप आहे, तिचा अर्ज हायस्कूलच्या शेवटच्या वर्षीच करायचा असतो, तेव्हा बारावीत मुलं असलेल्यांनी जागं व्हा.

आणि साहित्य? ॲन कॅराक्रिस्टी इंग्लिश शिकलेल्या, दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराचे संकेत फोडायच्या कामाला लागल्या आणि 1980 मध्ये एनएसएच्या पहिल्या महिला डेप्युटी डायरेक्टर झाल्या. 1943 मध्ये सोव्हिएत लोकांचे सांकेतिक टेलिग्राम उलगडायचं काम, ज्याला पुढे व्हेनोना म्हणायला लागले, ते ज्यांच्या हातून सुरू झालं त्या जीन ग्रबील आधी शाळेत होम इकॉनॉमिक्स शिकवायच्या! एलिझबेथ फ्रीडमन यांचाही विषय इंग्लिश साहित्य, आणि दारूबंदीच्या काळात दारूची तस्करी करणाऱ्यांचे संकेत त्यांनीच फोडले. सीआयएसुद्धा अमुक मेजर तमुकपेक्षा भारी असं सांगत नाही.

आयव्ही लीगबद्दल एवढंच, स्टेट युनिव्हर्सिटीतून भरपूर लोक जातात, तिथे मन लावून शिका आणि जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी सांभाळा.

आता नातेवाईकांचं, कारण आपल्या घरांत खरी भीती याचीच असते. पुण्यात काका किंवा नागपुरात आजी असणं हा काही गुन्हा नाही आणि तेवढ्यावरून कोणी नाकारत नाही. नोकरीआधीच्या सुरक्षा तपासणीसाठी एसएफ-86 नावाचा लांबलचक फॉर्म असतो, त्यात परदेशातली माणसं, प्रवास, पैसे, सगळं विचारतात, आणि तिथे लपवाछपवी केली की मात्र गाडी अडते. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड, म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे, पण विचारलं तर तेही सरळ सांगायचं. जी खरी अडचण आहे ती फॉरवर्डमध्ये आलीच नाही, ती म्हणजे ग्रीन कार्ड पुरत नाही, नागरिकत्वच लागतं, त्यामुळे एच-4 वर (एच-1बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलांना आत्ता हा रस्ता बंद आहे हे त्यांना वेळेत सांगा, उगाच आशेवर ठेवू नका. दुसरं म्हणजे गांजा. मेरीलँडमध्ये 2023 पासून 21 वर्षं पूर्ण झालेल्यांना तो कायदेशीर आहे, पण फेडरल कायद्यात अजून नाही, आणि एफबीआय अर्जाच्या आधीचं अख्खं वर्ष बघते. कॉलेजच्या पार्टीतल्या एका संध्याकाळीपायी अर्ज अडू शकतो, हे मुलांशी आत्ताच बोला, लाजू नका.

भाषेचं तर आपल्याकडे आयतं भांडवल आहे. मराठी घरातल्या पोरांच्या कानावर हिंदी पडलेली असते, देवनागरी थोडीफार वाचता येते, त्यावर उर्दू लिपी शिकली तर दोन भाषा झाल्या. बोरेन स्कॉलरशिप अशा भाषा परदेशात जाऊन शिकायला पैसे देते आणि बदल्यात किमान एक वर्ष सरकारी नोकरी करायला लावते, म्हणजे ज्यांना तिकडेच जायचंय त्यांच्यासाठी दार उघडंच.

मैत्रिणीच्या लेकीशी परवा तासभर बोलले. गणित सोडू नकोस, सोबत उर्दूचा एक कोर्स घे आणि ज्या उन्हाळ्यात इंटर्नशिप करायचीये त्याच्या साधारण वर्षभर आधी अर्ज टाक, कारण क्लिअरन्सलाच, म्हणजे सुरक्षा तपासणीलाच महिने लागतात, असं सांगितलं. मेजर बदलायचा फॉर्म तिने अजून भरलेला नाही.