मेडिकलमधल्या त्या ट्यूबबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रोझेशियावरच्या (चेहरा वारंवार लाल होऊन तापतो, पुटकुळ्या येतात, तो त्वचेचा आजार) माझ्या लेखावर तुम्ही रागावून लिहिलंत, पण लेख पूर्ण वाचून लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे त्याला अंगातली उष्णता म्हणतात; चहा-तिखटाचा बाऊ करून मी लोकांना घाबरवते; आणि तुमच्या मुलीच्या गालांवरची लाली मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने दोन दिवसांत गेली, मग डॉक्टर हवाच कशाला?

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो वाचल्यापासून मला मुलीची काळजी वाटतेय.

इतक्या झटपट लाली घालवणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव तिच्यावर आहे का, ते आजच बघा. स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, सूज दबते आणि चेहरा लगेच नितळ दिसतो. लावत राहिलं की कातडी पातळ होते, गालांवर आणि नाकाच्या कडेला बारीक लाल शिरा दिसू लागतात. मग थांबवायला जावं तर चेहरा आधीपेक्षा जास्त भडकतो, आग होते, पुटकुळ्या उठतात. घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो आणि पुन्हा बरं वाटतं. मुळात रोझेशिया नसलेल्याचा चेहराही या फेऱ्यात तसाच होऊन बसतो. आपल्या देशात हे इतकं बोकाळलं, की २००८ मध्ये इथल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्यांचं वेगळं निदान मांडलं. २०१८ मध्ये सरकारने अशी कितीतरी क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. तरी ती कशी सहज मिळतात, ते तुमच्याच प्रतिक्रियेत आहे.

मुलगी ती बरेच दिवस लावत असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. ट्यूब घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. कशी सोडवायची ते तेच ठरवतील.

आता गोऱ्यांचा आजार. गोऱ्या कातडीत तो जास्त नोंदला जातो, हे खरं. पण सावळ्या-गव्हाळ रंगात लाली उठून दिसत नाही, तपकिरी छटा वाटते, आणि म्हणून निदानच उशिरा होतं. माझ्या डॉक्टरांनी गालावर काचेची पट्टी दाबली. दाबलेल्या जागी रंग फिका पडला, उचलताच परत भरला. रक्तवाहिन्या फुगल्यामुळे आलेली लाली अशी कळते. तोवर मला सगळे मुरुमंच म्हणत होते. मुरुमांत काळी-पांढरी टोकं असतात, रोझेशियात ती नसतात. तेव्हा रंगावर जाऊ नका. चेहरा तापतो का, साधं क्रीम लावलं तरी चरचरतं का, हे मुलीला विचारा.

चहा सोडा असं मी लिहिलेलं नाही, निववून प्या असं लिहिलंय. १९८१ मध्ये जोनाथन विल्किन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी रोझेशियाच्या रुग्णांना गरम कॉफी, गार कॉफी आणि नुसतं गरम पाणी देऊन पाहिलं. गरम कॉफीने चेहरा लाल झाला, गरम पाण्यानेही झाला, गार कॉफीने नाही. त्रास कॅफीनचा नव्हता, गरमपणाचा होता. म्हणून भाकऱ्या थापताना तव्याची धग तोंडावर घेऊ नका, एवढंही पुष्कळांना पुरतं. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या नसांनाच चेतवतं. पण सगळ्यांना सारखं बाधत नाही, त्यामुळे काय खाल्ल्यावर चेहरा तापला ते आठवडाभर वहीत टिपून ठेवावं आणि तेवढंच कमी करावं. ऊन मात्र जवळजवळ सगळ्यांनाच बाधतं. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन सहसा कमी चरचरतं. लिंबू, घासून लावायचं उटणं, स्क्रब हे चेहऱ्यापासून लांब ठेवा.

औषधं आहेत: मेट्रोनिडाझोल, अझेलेक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिन लावायला, आणि पुटकुळ्या जास्त असतील तर कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिन पोटात. पण परिणाम दिसायला आठवडे जातात. दोन दिवसांच्या ट्यूबपुढे ती फिकी वाटतात ती यामुळेच. आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो.

आणि एक विचारायचं राहिलं. मुलीचे डोळे लाल होतात का, वाळू गेल्यासारखे खुपतात का? रोझेशिया डोळ्यांतही उतरतो आणि वेळेत पाहिलं नाही तर बुबुळाला इजा होऊ शकते. तसं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही याच आठवड्यात जा, आणि काय झालं ते मला नक्की कळवा.