चटणी ठीक, पण जंगल कोणाच्या हातात?
एका लेखात खाद्य कीटक आणि जंगल पर्यटन हे झाडं न तोडता कमाईचे मार्ग म्हणून मांडलेत. पटतं. ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला, म्हणजे लाल मुंग्यांच्या चटणीला, २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकनही मिळालं. पण या मुंग्यांचं घरटं म्हणजे अळ्यांच्या रेशमाने शिवलेली हिरवी पानं, तीही जिवंत झाडावरच. मागणी वाढली की बाहेरचा व्यापारी फांदीच छाटून नेणार, त्याचं काय जातंय! म्हणून आधी गावाचा हक्क. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क) मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी २०११ उजाडलं. पर्यटनाचं तर विचारूच नका. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत गाड्यांची रांग, हेडलाइट चालू. त्या झगमगाटात मादीला नराचा उजेड दिसणार कसा?