गाणं दीड सेमीटोन उतरलं की आधी सॅम्पल रेट बघा
मित्रांनो, पोस्ट जरा लांब होणार आहे, पण मनापासून लिहितोय. गेल्या काही महिन्यांत सॅम्पल रेटचा (आवाजाचे सेकंदाला किती नमुने नोंदवायचे किंवा वाजवायचे तो आकडा) हा घोळ चौथ्यांदा झालाय आणि दरवेळी कुणाचा तरी चांगला टेक (एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) फेकला जाता जाता वाचलाय.

झालं असं, एका गायिकेने घरून व्होकल रेकॉर्ड करून पाठवला. खालचा ट्रॅक, म्हणजे ज्यावर ती गायली ते संगीत, माझाच, बरोबर ४ मिनिटांचा, तिला आधीच दिलेला. फाइल प्रोजेक्टमध्ये टाकली, प्ले केली, तर आवाज जड, थकल्यासारखा आणि ध्रुवपदाची दुसरी ओळ येईपर्यंत ती तालाच्या कितीतरी मागे. ग्रुपवर विचारलं तर सल्ल्यांचा पाऊस, पिच करेक्शन (सॉफ्टवेअरने सूर दुरुस्त करणं) टाक, एक सेमीटोन (लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) वर घे मग टाइम स्ट्रेच (सूर न बदलता लांबी बदलणं) कर, एकजण तर सरळ म्हणाला की तिचा सूरच कच्चा आहे, परत गाऊन घे. या शेवटच्या वाक्याचा मला फार राग आला. सूर एकदम पक्का होता तिचा. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत प्रत्येक स्वर सारखाच उतरला होता, आणि बेसूर गाणारा माणूस असा मोजूनमापून उतरत नसतो, तो कुठे चढतो, कुठे उतरतो.

म्हणून मी बाकी सगळं सोडून फाइलची लांबी बघितली. ४ मिनिटांच्या ट्रॅकवर गायलेली फाइल ४ मिनिटं २१ सेकंदांची. २६१ भागिले २४० केलं की जवळजवळ १.०८८ येतं, आणि ४८००० भागिले ४४१०० केलं तरी तेच येतं. तिथेच निदान झालं. आवाज ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड झालेला आणि फाइलवर चिठ्ठी लागलेली ४४.१ ची.

हे चिठ्ठी प्रकरण नीट समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ इथेच आहे. वेव्ह फाइलमध्ये आवाज म्हणजे नुसती आकड्यांची, म्हणजे सॅम्पलची, रांग असते, आणि सेकंदाला त्यातले किती आकडे वाजवायचे हे सुरुवातीच्या हेडरमध्ये ४ बाइट्समध्ये लिहिलेलं असतं. आता रेट बदलणे या नावाखाली दोन पूर्ण वेगळी कामं होतात. एकात फक्त हेडरमधला आकडा बदलतो, आवाजाला हातही लागत नाही, आणि मग तोच आवाज हळू किंवा भरभर वाजतो. दुसऱ्यात सॉफ्टवेअर खरोखर गणित करून नवीन सॅम्पल काढतं, लांबी तीच राहते, सूर तोच राहतो. खरं कन्व्हर्जन म्हणजे हे दुसरं. पण कित्येक सॉफ्टवेअरमध्ये ही दोन्ही कामं जवळजवळ सारख्याच नावांनी असतात, आणि घाईत असलेला माणूस पहिलं करतो आणि समजतो की दुसरं झालं.

तिच्या फाइलचा हेडर परत ४८००० केला, मग प्रोजेक्टच्या रेटला रीतसर कन्व्हर्ट केली, ट्रॅकवर ठेवली आणि पहिल्याच शब्दाला समेवर बसली. एकही स्वर हलवावा लागला नाही. पिच शिफ्ट आणि स्ट्रेच केलं असतं तर गाणं कसंबसं जागेवर आलं असतं, पण श्वास आणि स-श ची अक्षरं खरडल्यासारखी झाली असती, आणि तिच्या आवाजातला तो मऊपणा कायमचा गेला असता. दुखणं एक आणि औषध भलतंच.

ओळखायची खूण सांगतो. ४४.१ आणि ४८ चा गोंधळ झाला की फरक पडतो १४७ सेंटचा (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन), म्हणजे दीड सेमीटोनला जरासा कमी. त्यामुळे गाणं धड कुठल्याच पट्टीत बसत नाही, दोन सुरांच्या मधे लोंबकळत राहतं, एक सेमीटोन वर घेतलं तरी चुकतं आणि दोन घेतलं तरी चुकतं. उलटं झालं, म्हणजे ४४.१ ची फाइल ४८ ने वाजली, तर ४ मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांत संपतं आणि आवाज लहान मुलासारखा होतो. ४८ आणि ९६ ची अदलाबदल असेल तर सरळ एक सप्तक वर किंवा खाली, ते लगेच कळतं.

मुळात ४४१०० हा विचित्र आकडा आला कुठून, तर सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे, एका रेषेत ३ सॅम्पल, फ्रेमच्या अर्ध्या भागात २४५ रेषा, सेकंदाला असे ६० भाग, गुणाकार करून बघा. तोच पुढे सीडीला चिकटला, आणि व्हिडिओवाले ४८ वर गेले. दोघांचं गुणोत्तर १६० ला १४७, म्हणून हे कन्व्हर्जन निम्मं-दुप्पट करण्याइतकं सोपं नाही.

आणखी एक, सूर बरोबर आहे पण ट्रॅक हळूहळू मागे पडतोय, तर तो सॅम्पल रेटच्या चिठ्ठीचा घोळ नाही, मशीनमध्ये सॅम्पलचा वेग राखणाऱ्या घड्याळाचा, म्हणजे क्लॉकचा आहे. दोन वेगळ्या मशीनवर रेकॉर्ड केलं की दोघांचं ४८००० अगदी तंतोतंत सारखं नसतं, दहा लाखात ५० चा फरक असला तरी तासाभरात १८० मिलिसेकंद निसटतात. डिजिटल केबलने दोन डिव्हाइस जोडली आणि दोन्ही इंटर्नल क्लॉकवर ठेवली तर टिकटिक ऐकू येते, एकाला दुसऱ्याच्या क्लॉकवर टाका. ब्लूटूथ हेडसेटचा माईक मात्र टाळाच, कॉल मोडमध्ये तो बऱ्याचदा १६ किलोहर्ट्झवर उतरतो, आणि रेटच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज पकडता येतो, म्हणजे ८ किलोहर्ट्झच्या वरचं काही रेकॉर्डच होत नाही, आणि जे रेकॉर्डच झालं नाही ते कन्व्हर्ट करून परत येत नाही.

माझं स्पष्ट मत सांगतो. कुठला कन्व्हर्टर जास्त पारदर्शक यावर आपण रात्र रात्र वाद घालतो, १९२ ला रेकॉर्ड करावं का यावर शंभर कमेंट पडतात, पण फाइल पाठवताना तिचा रेट कुणी लिहीत नाही. आजचे चांगले कन्व्हर्टर इतके स्वच्छ आहेत की एकदा केलेलं कन्व्हर्जन बहुतेकांना ऐकूही येणार नाही. नुकसान होतं ते चुकीच्या चिठ्ठीने. मी आता सगळं ४८ आणि २४ बिटला (एकेका सॅम्पलच्या नोंदीची बारकाई) ठेवतो, अगदी शेवटी लागलंच तर एकदाच बदलतो, आणि तेव्हा लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) आणि डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी बारीक आवाज) कन्व्हर्जनच्या नंतर लावतो, कारण कन्व्हर्जनच्या फिल्टरमुळे पीक (आवाजाची शिखरं) थोडे वर उसळतात आणि शून्याला, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीला, टेकलेला मिक्स क्लिप होतो, त्याची टोकं कापली जातात.

सॉफ्टवेअरवर सगळं सोडू नका. प्रो टूल्स आणि रीपर ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर घ्या, प्रो टूल्समध्ये सेशन बनवतानाच रेट ठरतो, रीपर वेगळ्या रेटच्या फाइल वाजवताना स्वतःच बदलून घेतो, पण हेडरच खोटा असेल तर दोघांनाही ते कळायचा काही मार्ग नाही, ते चिठ्ठीवरच विश्वास ठेवणार.

तेव्हा फाइलच्या नावातच रेट लिहा, आणि सोबत मूळ ट्रॅकची लांबी पाठवा. कुणाकडे असा उतरलेला किंवा चढलेला टेक पडून असेल तर टाकून देऊ नका, दोन्ही लांब्या सेकंदांत कमेंटमध्ये लिहा, भागाकार मी करून देतो.