टपावरचं तळं

«सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की काही सभासद आपल्या वाहनांवर पाणी साचू देत आहेत. त्यात डासांच्या अळ्या आढळल्या आहेत. ही बाब गंभीर आहे.»

गेल्या मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर हे पडलं. खाली जोडलेले हात तीनदा आणि सेक्रेटरींचं नाव. आता यातलं 'काही सभासद' हे निव्वळ आदरार्थी बहुवचन. काही सभासद म्हणजे मी एकटा. 'वाहनांवर' म्हणजे माझ्या पिकअपच्या टपावर. आणि ज्या पोच्यात ते पाणी साचलं, तो पोचा पाडणारे पाय ज्या देहाला आहेत त्याच देहाच्या अंगठ्याने हा मेसेज टाइप झालेला आहे. दहा मिनिटांत एकोणीस जणांनी त्याखाली अंगठे उमटवले. त्यात माझी बायकोही. "चुकून दाबला गेला," म्हणाली.

झालं होतं ते इतकंच. गोपाळकाल्याला आमच्याकडे पोरांची हंडी असते. ठाण्यात एरवी नऊ-नऊ थर लागतात, लाखांची बक्षिसं असतात, हंडी क्रेनला टांगतात. आमच्या पाचपाखाडीच्या आवारात तीन थर, बक्षीस कंपासपेटी आणि क्रेन म्हणजे सेक्रेटरी. शिडी रंगाऱ्याने नेलेली. दोराचं एक टोक नारळाला बांधून झालं होतं, दुसरं पहिल्या मजल्याच्या ग्रिलला बांधायचं होतं, आणि ग्रिलच्या बरोब्बर खाली माझी गाडी. मी वर गॅलरीत वाटीतला काला खात होतो. 'बद्द' असा आवाज आला म्हणून वाकून पाहिलं, तर सेक्रेटरी टपावर उभे. गाठ मारून झालेली. दोन्ही हात कमरेवर ठेवून खालच्या भक्तमंडळींकडे समाधानाने बघतायत. साक्षात विठोबा. वीट तेवढी माझी.

"अहो, टप!" मी ओरडलो.

"काही होत नाही हो. जुना पत्रा आहे, दणकट असतो. आणि तशीही जुनीच तर आहे गाडी."

म्हणजे जुनी म्हणून दणकट, आणि जुनी म्हणून मोडली तरी चालेल. मधे श्वाससुद्धा घेतला नाही त्यांनी. डॉक्टरांनी ९५ किलोंच्या खाली यायला सांगितलंय, हे त्यांनीच मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर जाहीर केलं होतं, त्यामुळे पोच्याचं गणित मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गाडी टाटामोबाइल २०६. १९८८ साली बाजारात आली, आमची १९८९ची. कंपनीचं नाव तेव्हा टेल्को. टाटा मोटर्स हे नाव २००३ साली आलं, पण बाबा शेवटपर्यंत 'टेल्कोची गाडी' असंच म्हणायचे. १९९१ साली सिएरा निघाली ती याच गाडीच्या सांगाड्यावर. आज सिएरा म्हटलं की लोकांचे डोळे पाणावतात. आमचीला टेम्पो म्हणतात. बाबांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. बांबू, कनाती, सतरंज्या, बुंदीच्या कढया. अर्ध्या नौपाड्याची लग्नं या गाडीने वाहिलीत. एवढे बांबू टपावरून गेले पण कधी पोचा नाही, कारण कॅरिअरचे पाय टपाच्या कडेच्या पन्हळीवर बसलेले असायचे. सगळं वजन पन्हळीवर, मधला पत्रा मोकळा. "मधे पाय ठेवायचा नाही, तिथे खाली काही नाही," हे बाबा प्रत्येक नव्या पोऱ्याला पहिल्या दिवशी सांगायचे. तिसरी पास पोऱ्यांना ते समजायचं. आमचे सेक्रेटरी एम. कॉम. आहेत.

धंदा बंद झाला, बाबा गेले, गाडी राहिली. दरवर्षी पासिंग, वर ग्रीन टॅक्स, आणि विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे मी कुणाला धडकलो तर त्याला पैसे. माझ्यावर कुणी चढून उभं राहिलं तर मला काही नाही. पाहुण्यांसमोर मी तिला विंटेज म्हणतो. तेही खोटं. केंद्राच्या २०२१च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे ५० वर्षांपुढची गाडी. मग तिला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते, तीसुद्धा मालवाहू नसेल तरच. आमचीची पन्नाशी २०३९ला. मी स्वतः ५३चा आहे, कुणावर माल वाहत नाही, मला पाटी द्यायला हरकत नव्हती.

हंडीनंतर चार दिवस पाऊस झाला आणि तलावांच्या शहरात आणखी एका तलावाची भर पडली. मासुंदा तलावाला निदान मधे शंकराचं देऊळ आहे, माझ्या तळ्यात नारळाची एक झावळी होती. फवारणीवाला आला, टपावर बॅटरी मारली आणि आनंदाने म्हणाला, "साहेब, आहेत!" डेंग्यूच्या डासाला स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, हे सगळं त्याने मला माझ्याच गाडीला टेकून सांगितलं. मग तो मेसेज. मग मी गाडी काढली.

वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर १६च्या पुढे एका गल्लीत एक डेंटर आहे. सगळे उस्ताद म्हणतात. त्याने गाडीला एक फेरी मारली, पोच्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, कान दिला आणि म्हणाला, "पत्रा तन गया है." संपलं त्याचं.

पण शेडच्या तोंडाशी, स्कूटरच्या सुट्या सीटवर एक काका बसले होते. मांडीवर पेपर, कानावर पेन्सिल, शब्दकोडं अर्धं सुटलेलं. आधी मला वाटलं मालक असतील. मग वाटलं आरटीओचे एजंट. नंतर कळलं, काहीच नाहीत. कधीकाळी स्वतःची स्कूटर रंगवायला आले होते. स्कूटर रंगली, विकली गेली, सीट इथे राहिली, सीटवर काका राहिले. रोज दहाला येतात. त्यांचा कप वेगळा आहे.

"कोण उभं राहिलं?" काकांनी विचारलं.

"उभं राहिलं हे तुम्हाला कसं कळलं?"

"नारळ पडला तर पोचा वाटीसारखा होतो. माणूस उभा राहिला तर ताटासारखा. हे ताट आहे." ते उठले, टाचा उंचावून टपाकडे बराच वेळ बघत राहिले. "डावा पाय जास्त दाबलाय. मधुमेह आहे का त्यांना?"

"मला काय माहीत!"

"विचारून ठेवा. मधुमेहात पायांना जपावं लागतं."

टप माझा बसला होता, आणि काळजी चालली होती सेक्रेटरींच्या तळपायाची. मी काही बोलणार एवढ्यात काकांनी उस्तादच्या पोऱ्याकडून ऑइलचं एक लिटरचं माप मागवलं. "माप घेतल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही." मग बादलीतून मापाने पाणी घेऊन ते पोच्यात ओतत गेले. एक. दोन. तिसरं माप ओतताना कडेवरून ओघळ आला तसे थांबले, मापात उरलेलं डोळ्यांसमोर धरलं. "पावणेतीन. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. मोबाइलमध्ये. अजून आहे: 'टप – पावणेतीन लि.'

"आता ऐका. पत्र्याला आठवण असते."

"काय असते?"

"आठवण. कारखान्यात प्रेसखाली जो आकार मिळाला तो त्याच्या मनात कायम असतो. आपण फक्त आठवण करून द्यायची. ठोकाठोकी करायची नाही. तुम्ही घरी ठोकाठोकी करता का? नाही ना? आत बसा."

का बसलो, सांगता येत नाही. पण मी, बँकेत पस्तीस माणसं ज्याच्या हाताखाली आहेत असा माणूस, बूट काढून माझ्याच गाडीच्या सीटवर उताणा झोपलो आणि दोन्ही तळवे छताच्या रेक्झिनला लावले. काका बाहेरून खिडकीत. तोवर चहावाला पोरगा आला, समोरच्या लेथवरचे दोघे हात पुसत आले, एक कुत्रं येऊन बसलं.

"जोर लावा. मांडीतून नाही, पोटातून. श्वास सोडत सोडत. हां... आला, आला... आणखी थोडा... सोडू नका आता!"

बाळंतपणाच्या खोलीबाहेर मी दोनदा उभा राहिलोय. आत काय चालतं ते मला बुधवारी कळलं.

'टण्ण!'

टप वर आला. खरंच आला. बाहेर टाळ्या पडल्या. लेथवाल्यांपैकी एकाने शिट्टी मारली. "बघा! आठवलं त्याला!" काका ओरडले. मी गुडघे चोळत, शर्ट खोचत बाहेर आलो. टप गुळगुळीत, फुगलेला, बाबांच्या वेळचा. माझ्या घशाशी काहीतरी आलं. आभार मानायला मी काकांकडे वळलो.

'टुक्.'

"विसरला," काका म्हणाले आणि त्यांनी पेपर उचलला.

यानंतर उस्ताद पुन्हा बोलला, आणि एकदम पाच वाक्यं बोलला, म्हणजे त्याच्या मानाने प्रवचनच. पत्रा ताणला गेला की जागेपेक्षा जास्त होतो. जास्तीचा पत्रा कुठे जाणार? तेलाच्या डब्याचा तळ दाबल्यावर टक्-टुक् करतो तसा कधी वर, कधी खाली. वर जितकं ठोकाल तितका आणखी ताणणार. त्याला आखडवावा लागतो: गॅसने रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, खाली डोली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून भोवतीने हलक्या हाताने हातोडी, आणि लगेच ओलं फडकं. असे पंधरा-वीस ठिपके. त्यासाठी आतलं रेक्झिन काढा, वरचा रंग जाळा, मग प्रायमर, पातळ लांबी, रंग. नाहीतर दुसरा रस्ता: शीळ फाट्याच्या भंगारातून टाटा २०७चा टप आणायचा, पन्हळीतले स्पॉट वेल्डिंग ड्रिलने एकेक उघडायचे, जुना उचलून नवा बसवायचा. समोरची काच काढावी लागणार. तिचं रबर वाळून दगड झालेलं, काच तडकली तर जबाबदारी सेठची. सेठ म्हणजे मी.

"दुसऱ्याचं डोकं बसवणार?" काका कोड्यातून मान वर न करता म्हणाले. "गणपतीला जमलं. पण तिथे कारागीर शंकर होता."

मग ठिपके. ९,५०० रुपये.

आता हसून झालं असेल तर एक सांगतो. गेल्या वर्षी मांडवाचा बांबू निसटून बी विंगमधल्या एका एसयूव्हीच्या दाराला ओरखडा गेला. वीतभर. त्यासाठी तातडीची सभा झाली, सोसायटीने पॉलिशचे पैसे दिले, वर सेक्रेटरींनी घरी जाऊन दिलगिरी व्यक्त केली आणि पोहे खाऊन आले. माझा आकडा मी ग्रुपवर टाकला तर त्याखाली कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही. नंतर जिन्यात एक जण म्हणाले, "एवढ्यात तर भंगारवाला पूर्ण गाडीचे देईल तुम्हाला." देईलही. पण हेच लोक दरवर्षी गणपती आणायला 'आपली गाडी आहेच' म्हणतात. भाद्रपदात आपली, आणि उरलेले अकरा महिने 'आवारातील जुनी वाहने' या विषयाखाली. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्यांतले निम्मे म्हणाले होते, "तसंही वय झालंच होतं." मी मान हलवली होती. चहा दिला होता. त्या 'तसंही'ला काय उत्तर द्यायचं ते मला तेव्हाही सुचलं नाही आणि टपाच्या वेळीही नाही.

शनिवारी गाडी आणायला गेलो. पांढरा जुळलेला नाही. खालचा पांढरा दुधाचा, वरचा खडूचा, त्यामुळे गाडीने गांधी टोपी घातल्यासारखी दिसते. काकांनी हातानेच मला थांबवलं, पोऱ्याकडून माप मागवलं आणि भरलेलं एक लिटर टपाच्या मध्यावर ओतलं. पाणी पन्हळीपर्यंत धावलं, पन्हळीतून काचेच्या कोपऱ्यावरून खाली, माझ्या बुटावर.

"शून्य," काका म्हणाले. "लिहून घ्या."

ते पैसे घेत नाहीत. पण निघताना म्हणाले, "ते मधुमेहाचं विचारा बरं का."

संध्याकाळी गाडी जागेवर लावली तर सेक्रेटरी खालीच. टपाकडे बघून म्हणाले, "वा! एकदम चकाचक. नवीन बसवला?" आणि तळहाताने दोनदा थोपटलं, म्हशीच्या पाठीवर थोपटतात तसं. मग नजर वर गेली. हंडीचा दोर अजून तिथेच होता, नारळापासून ग्रिलपर्यंत, मधोमध फुटक्या मडक्याचा गळा लोंबकळत.

"याचं काहीतरी बघायला हवं. गणपतीचं तोरण तिथूनच जाणार. गाठ मीच मारलीय, दुसऱ्या कुणाला सुटायची नाही."

"शिडी?"

"रंगारी फोन उचलत नाही हो." ते जरा जवळ आले. "तुम्ही गाडी दोन फूट अलीकडे घेतलीत तर दोन मिनिटांचं काम आहे. आता काय, टप मजबूत झालाय."

मी किल्ली लावली. त्यांनी पायातल्या चपला काढल्या. संस्कार चांगले आहेत. मी गाडी अलीकडे घेतली नाही. रिव्हर्स घेऊन गेटबाहेर काढली आणि थेट कोपरीला मेहुण्याच्या बिल्डिंगखाली नेऊन लावली. आता रोज येऊन-जाऊन रिक्षाचे पैसे जातात. बायको म्हणते, हे काही शहाणपणाचं नाही.

दोर अजून आहे. काल बी विंगमधल्या कुणीतरी त्यावर सतरंजी वाळत घातली होती.